सतरावा ठिपका

कॉड माशाच्या कानात एक खडा असतो.
नखाएवढा, पांढुरका, कडेला दातेरी.
ट्रॉम्सोच्या प्रयोगशाळेत असे चारशे बारा,
काळ्या मखमलीवर.
गुडवेग पडद्यावर त्यांच्या कडेनं ठिपके ठेवते,
प्रत्येकाला चाळीस.

पाचही बोटं सारखी नसतात, खरंय.
पण तुझी करंगळी माझ्या करंगळीलाच ओळखते,
अंगठ्याला नाही.
सगळं काम एवढंच:
या खड्याचा सतरावा तो त्याचाही सतरावा,
टोकाखालच्या खाचेत,
समुद्र कुठलाही असो.

मग आम्ही खडे एकावर एक ठेवतो.
आधी जागा पुसतो, मग लहानमोठेपण,
मग फिरवून फिरवून सगळ्यांची तोंडं एकीकडे.
यानंतरही जे पुसलं जात नाही
ते रूप.
त्यांची सरासरी काढली की असा एक खडा मिळतो
जो कुठल्याच माशाच्या कानात नव्हता.
आयलिफनं तो प्लास्टिकमध्ये छापून
सायकलच्या किल्लीला अडकवलाय.

बदलाच्या दिशा गणित मोजून देतं, मोठीपासून धाकटीकडे.
पहिली: लांबट की गोल.
दुसरी: खाच खोल की उथळ. तिथं किनाऱ्याचे मासे
आणि खोल पाण्यातले वेगळे पडले;
आयलिफनं त्या दिवशी केक आणला.
तिसरी कळेना.
सतरावा नुसता घसरत होता, खाचेबाहेर, खाली उजवीकडे,
मागोमाग अठरावा.
कुठल्याच समुद्राशी मेळ नाही.
मेळ बसला तो तारखेशी, मासा धरल्याच्या नव्हे,
ठिपका ठेवल्याच्या.
सप्टेंबरात काही नाही. नोव्हेंबरात जरासं.
जानेवारीत, सूर्य परतायच्या आधीच्या आठवड्यात,
अगदी स्पष्ट.

मी वळून पाहिलं.
डाव्या हातानं तिनं उजवं मनगट धरलं होतं,
वाऱ्यात होडी धक्क्याला बांधावी तसं.

आयलिफ म्हणाला, गोंगाट आहे, वगळू.
वगळला. निकाल सुधारले.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळातली संध्याकाळ,
गुडवेग पडद्याकडेच बघत म्हणाली,
"तिसरी दिशा माझी ना?"
मी कॉफी ढवळत राहिले. साखर घातलेलीच नव्हती.
तिनं चारशे तेरावा खडा उघडला,
सोळा ठिपके ठेवले, हळू,
आणि माउस माझ्याकडे सरकवला.

माझा खाचेत बसला, नेमका.
तिचा कुठे पडला असता
तेही मला दिसत होतं.