उरलेला पेला

शनिवारी देऊळ झाडायची पाळी माझी.
सदरबझारातलं पत्र्याचं देऊळ,
मागे अजिंक्यतारा, पुढे टायरवाल्याचं दुकान.
क्रूस पितळेचा. त्याच्याखाली भिंतीत पितळेचीच पाटी,
पहिल्या महायुद्धात गेलेली मंडळीतली सात नावं.
चिंच एकच भिजवते. आधी क्रूस घासते,
उरलेल्या चोथ्यात पाटी.
दोन्ही सारखीच लखलखतात.
पितळेला काय कळतं.

मामंजी, सुभेदार तिमथी चांदेकर,
एकाहत्तरची लढाई पाहिलेले, आता मंडळीचे वडील.
म्हणतात, "प्रभूकडे शताधिपती आला होता ना?
त्याला म्हणाला का, नोकरी सोड?
उलट त्याच्या विश्वासाचं नवल केलं!"
खरं आहे. मीही वाचलंय.
कर असंही म्हणाला नव्हता.
पण सासऱ्याच्या ताटात भाजी वाढताना
हे बोलायचं नसतं.

माझे वडील मिरजेला, मिशन दवाखान्यात ड्रेसर.
उरुसातून भावाने आणलेलं टिकल्यांचं पिस्तूल
त्यांनी चुलीत घातलं.
पत्रा काळा पडला, वितळला नाही.
"जखमेला बाजू नसते," एवढंच म्हणाले
आणि हात धुवायला गेले.
भाऊ त्या रात्री
बोटाने गोळ्या झाडत झोपला.

रूबेनच्या भरतीला पाळकसाहेबांनी दाखला दिला:
उपासनेला नियमित येतो, स्वभाव शांत.
'शांत' वाचून तिथला साहेब हसला म्हणे.

मग सीमेवर पेटलं.
पाळकसाहेबांनी प्रार्थनेत 'विजय' घातला.
सगळे आमेन म्हणाले, मी सगळ्यांत मोठ्याने.
आणि घरी येऊन, तवा घासताना,
मी जे मागितलं ते त्यांच्याही तोंडून निघालं नसतं:
प्रभू, माझ्या लेकराचा नेम चुकू देऊ नको.
कुणावरचा नेम, ते बोलले नाही.
तुला काय सांगायचं,
तू खिळे ठोकणाऱ्यांसाठी मागणारा.

रूबेन सुट्टीवर आला. रापलेला, अंगाने भरलेला.
महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजन.
मामंजीच ताटली फिरवत होते.
रूबेनने ताटली घेतली,
क्षणभर धरली,
आणि शेजारच्या सलोमीबाईंकडे सरकवली.
पेल्याचंही तेच.
कुणी पाहिलं नाही.
मी पाहिलं. मामंजींनी पाहिलं.

दुपारी त्याच हाताने त्याने रस्सा ओरपला,
भाचीला खांद्यावर घेऊन गल्लीभर फिरवलं,
पंख्याची तुटलेली वायर जोडून दिली.
मी विचारलं नाही.
विचारलं असतं तर उत्तर आलं असतं,
आणि ते घेऊन मला
रोज या घरात स्वयंपाक करायचा होता.

पेले मीच धुते. काचेचे, अंगठ्याएवढे,
माणसं मोजून भरलेले.
एकोणचाळीस रिकामे, एक काठोकाठ.
मोरीत ओतवेना. पिववेना.
देवळामागच्या शेवग्याच्या बुडाशी गेले
तर मामंजी आधीच तिथे उभे, काठीवर दोन्ही हात ठेवून.
शताधिपतीचं नाव त्यांनी काढलं नाही.
"ओत," म्हणाले,
"माती सगळं पिते."

रूबेन पहाटेच्या गाडीने गेला.
स्टँडवर मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला,
आशीर्वादाचे शब्द अर्ध्यात अडकले.
गाडी सुटली तेव्हा
मी अजून शब्द शोधत होते.

या महिन्यात पुन्हा पेले धुवायला बसले.
दोन भरलेले.
एक मामंजींचा.
दुसरा माझा.

खजिनदार दारातून डोकावून म्हणाले,
"बाई, रस वाया जातोय,
पुढच्या खेपेला जरा कमी भरा."