राय

दुपारी तीनलाच खिडकीत अंधार.
तार्तूच्या या तळघरात चार अंशांवर
तळ्याचा गाळ आडवा निजलाय,
माझ्याहून लांब, प्लास्टिकच्या नळीत.
एक सेंटिमीटर म्हणजे साधारण बारा वर्षं.
माझी अख्खी पीएचडी
तिथे अर्ध्या नखाएवढी.

परागकण मोजतेय. बर्च, बर्च, पाइन, बर्च.
चारशे झाले की दुसरी काच.
"नक्की करतेस काय?" बाबा फोनवर.
"चिखल मोजते."
"तो काय इथे नव्हता?"

प्राध्यापक आकडे बघून "वाईट नाहीत" म्हणतात.
या देशात ही शाबासकी असते,
हे कळायला मला दोन हिवाळे लागले.

आज ब्याण्णवाव्या सेंटिमीटरला एक कण वेगळा:
लांबट, एका टोकाशी छिद्र.
हेल्येला हाक मारली.
तिने चष्मा कपाळावर सारला, डोळा लावला.
"राय."

राई नव्हे. राय, भाकरीचं धान्य.
म्हणजे त्या सुमाराला कुणीतरी इथे
झाडं पाडली, पेरलं,
आणि पुढच्या वर्षीही राहिलं.
कुणाला विचारून, ते गाळात उतरत नाही.
माझं रहिवासी कार्ड ऑगस्टपर्यंत.

हेल्येने डबा उघडला.
काळ्या पावाचा तुकडा हातातून निसटला, फरशीवर.
तिने तो उचलला, ओठांना लावला,
अर्धा मोडून माझ्यापुढे धरला.
आंबूस, जड. चावायला वेळ लागतो.

तक्त्यात लिहिलं: राय, एक.
मग पुन्हा बर्च.