आधी कांदे

सतरा महिने ती माझ्या अंगावरच राहिली.
दोन पट्टे खांद्यांवर, एक कमरेला,
आणि पाठीमागचं ते बकल,
जे न बघता लावायला माझे हात शिकले होते.
तिचं डोकं माझ्या हनुवटीच्या बरोबर खाली,
टाळूला घामाचा आणि खोबरेलाचा वास.
रिक्षा अंगावर आली तर
आधी मी दचकायचे, मग माझ्यातून ती.

मग ऊर्मी अकरा किलोची झाली.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
मणका तुमचा स्वतःचा आहे हो, भाड्याचा नाही.

बाबागाडी जावेकडून आली,
जुईनगरहून, टेम्पोत, एका कपाटासोबत.
निळी. एक चाक कुरकुरतं.
पहिल्या दिवशी बसवली, पट्टा लावला,
तर पोरगी कमान झाली,
आणि रडली अशी की समोरच्या इस्त्रीवाल्याने
इस्त्री उभी करून ठेवली.
दुसऱ्या दिवशी कुरमुरे दिले. तिसऱ्या दिवशी मोबाइल.
चौथ्या दिवशी गाडी दाराआड गेली
आणि तिच्यावर टॉवेल वाळू लागले.

मला कळत होतं तिचं.
अंगावर असताना जग माझ्याकडून गाळून यायचं,
नको वाटलं की तोंड माझ्या गळ्यात.
इथे सगळं उघडं, थेट समोर.
कुत्री तिच्या उंचीची,
सायलेन्सर तिच्या उंचीचे,
आणि आई?
मागे. जिथे मान पोचत नाही.

आप्पा पायरीवर बसून हे सगळं बघत होते.
एकतीस वर्षं मार्केटात, कांदा-बटाट्याच्या गाळ्यांत.
मानेमागे अजून गोणीने केलेली गादी आहे,
ऊर्मी तिच्यावर बोटं रुतवून बघते.
"आगं," म्हणाले, "मोकळी गाडी कुनाला आवडंल?
मोकळी गाडी उडती, खडखडती, भ्या दावती.
आधी माल घाल."

संध्याकाळी त्यांनी तीन किलो कांदे आणले
आणि नातीच्या जागेवर बसवले.
पट्टा लावला कांद्यांना. दोन्ही बकलं, नीट.
तिला मागे उभं केलं, दांडी उंच पडत होती
म्हणून खालची आडवी नळी धरायला दिली.
"हितला हमाल कोन?"
तिने आपल्याच पोटावर हात ठेवला.

आठवडाभर कोपरखैरण्यात कांदे फिरले.
एकदा लाल भोपळा. एकदा माझ्या चपला.
पेव्हर ब्लॉकच्या फटीत चाक अडलं
की आप्पा नुसतं "हां, हां" करायचे, हात लावायचे नाहीत.
कांदे असूनही कुणी रडलं नाही.

रविवारी तिने पिशवी ओढून खाली पाडली,
रिकाम्या जागेकडे थोडा वेळ बघितलं
आणि हात वर केले.

मी ढकलत निघाले, बोलत निघाले.
गप्प झाले की मान वळायची,
म्हणून पाट्या वाचत सुटले मोठ्याने:
समर्थ फरसाण, गॅस शेगडी दुरुस्ती,
येथे साडीला पिको-फॉल करून मिळेल.
माझा आवाज म्हणजेच आता तिच्या पाठीला टेकू.

माझं काय झालं ते घरी सांगितलं नाही.
तीन टाकीजवळ कर्कश हॉर्न वाजला
आणि माझा हात आपोआप छातीशी आला,
डोकं झाकायला.
तिथे नुसती ओढणी.
खाली गाडीत मात्र ती बोट दाखवत होती:
बश्श.

परतताना कंटाळली. अर्ध्या वाटेत "उच्ची" सुरू झालं,
तेव्हा घेतली सरळ कडेवर, मणका गेला खड्ड्यात.
गाडीत कोथिंबीर, दूध
आणि आप्पांनी जाताजाता टाकलेले दोन किलो बटाटे.
ते ढकलतायत एका हाताने,
दुसरा कमरेवर, जुन्या सवयीने.
चाक कुरकुरत नाहीये.
"बघ," म्हणतात, "पोटात माल हाय न्हवं.
कशी गुमान चाललीय."