तेवढं सोडून काप

उद्यमनगरात, फाउंड्रीच्या मागच्या गल्लीत,
जिथं ओतकामाची काळी वाळू
चहाच्या कपातसुद्धा उतरते,
दस्तगीर मिस्त्री डुक्कर फियाटच्या पोटात
मान घालून बसला होता.

गाडी खंजिऱ्यांची, शाहूपुरीतली.
दोन महापूर प्यायलेली.
दुसऱ्या खेपेला पाणी स्टेअरिंगला लागलेलं;
दाराच्या अस्तराआड अजून रेघ होती,
बोट फिरवलं की बोटाला
पंचगंगा लागायची, पिवळट, वाळलेली.

मी सतरा वर्षांचा, हातात ग्राइंडर,
आणि ग्राइंडर हातात असला की
सगळंच कापण्यासारखं दिसतं.

पत्रा पापडासारखा झालेला.
हातोडीचं नुसतं टोक टेकवलं की आरपार उजेड.
पायाखालचा गेला होता, दारांचे तळ गेले होते,
इंजिन आणि माणसं यांच्यामधला आडवा पत्रा
चाळण झाला होता,
आणि नेमकी त्याच्यावरच
ती बोटभर रुंद ॲल्युमिनियमची पट्टी.
चार रिबिटा, सहा आकडे,
त्यातला एक तिरका.
ठोकणाऱ्याचा हात त्या दिवशी हलला असणार.

खंजिरे म्हणाले, हुपरीत माझा माणूस आहे,
चांदीवर नावं कोरतो.
नवी पट्टी करून आणतो, चकचकीत,
हेच आकडे, सगळे एका ओळीत.

मिस्त्रीची सुपारी या गालातून त्या गालात गेली.
"आकडं तेच येतील की, मालक.
पर तो तिरका कुठनं आणणार तुमचा माणूस?"

मग माझ्याकडं बघून: तेवढं सोडून काप.
तेवढं म्हणजे किती?
त्यानं खडूनं चौकोन आखला, पोस्टकार्डाएवढा.
बाकीचा पत्रा तासाभरात खाली पडला.
त्या पोस्टकार्डाला
दुपार गेली.

मागच्या अंगानं, बारीक ड्रिलनं, एकेक रिबिट.
निघाली की तंबाखूच्या रिकाम्या डबीत.
तीन त्यानं काढल्या.
चौथी मला दिली,
आणि मी तिचं डोकं उडवलं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

पट्टी उचलली,
तर खाली रंग होता.
सगळी गाडी सायीच्या रंगाची,
आम्ही बघितली तेव्हापासून तशीच,
आणि पट्टीखाली हा एवढासा तुकडा
कोवळ्या हरभऱ्यासारखा हिरवा,
ना ऊन लागलेला, ना पूर.

खंजिरे वाकले. चष्मा काढला, पुन्हा लावला.
"अप्पा म्हणायचे, गाडी हिरवी होती.
शेवटची दोन वर्षं रोज म्हणायचे.
आम्ही म्हणायचो, अप्पा, तुम्ही विसरताय."
मग ते बाहेर जाऊन
बराच वेळ फाउंड्रीच्या भिंतीकडं बघत उभे राहिले,
आणि त्या भिंतीवर बघण्यासारखं काही नाही.

पट्टी परत बसवायच्या आधी मिस्त्रीनं
तिच्यावर वहीचा कागद धरला,
पेन्सिल आडवी करून घासली.
आरटीओत घेतात तशी छाप.
आकडे काळ्यातून पांढरे वर आले,
तिरकासुद्धा.
अशी त्याची अख्खी वही होती.
मालकांची नावं त्यात नव्हती. फक्त छापा.

पुढं कधीतरी त्याचं आधार कार्ड आलं,
त्यावर दस्तगीरचं दत्तगीर झालेलं.
मी म्हटलं, दुरुस्त करून घेऊया की, मिस्त्री.
"ऱ्हाऊ दे. ठोकणाऱ्याचा हात हलला असंल."

नवा पत्रा, जुनी पट्टी,
तीन रिबिटा तेव्हाच्या.
चौथी मी तांब्याच्या तारेतून केली,
दोन दिवस कानशीनं घासून,
आणि ती जरा लाल दिसते.
मिस्त्री म्हणाला, दिसू दे.

गेल्या रविवारी रंकाळ्यावर
जुन्या गाड्या लावल्या होत्या.
हिरव्या फियाटभोवती गर्दी, पोरं फोटो काढत होती,
कुणीतरी रंगाचं कौतुक करत होतं.
बॉनेट उघडं होतं.
मी आत वाकलो
आणि डावीकडची खालची रिबिट शोधली.
सापडली.
अजून जरा लालच आहे.