हिरवी

औशाजवळचं हुरडा केंद्र बंद पडलं
म्हणून ह्या दोन गाड्या विकायला निघाल्या.
लाल आहे ती कमी चाललेली.
हिरवीचा एक दिवा आंधळा.
मेहताबभाई लालीवरच हात फिरवतो :
"डॉक्टर, पिकअप बघा. पोरं येडी होतील."

पोरं नाहीत.
माझ्याकडं नायट्रोजनची टाकी आहे,
ती आडवी होऊ द्यायची नसते.
आणि पौषात रात्री दोनला फोन येतो :
म्हैस अडली.
हरभऱ्याला पाणी सोडलेलं असतं,
काळी माती फटफटीला धुऱ्यापर्यंत गिळते,
मग पायी. दोरी, बादली, तोंडात बॅटरी,
जोंधळ्याच्या पानावरचं दव
मानेतून पाठीवर.

हिरवीच्या मागच्या जाळीत टाकी ठेवून बघतो.
उभी राहते.
रिव्हर्स पडतो, जरा कुरकुरत.
बांधावर वळायला जागा नसते,
आपल्याला तेवढंच पायजे.
दिव्याचे पैसे वजा केले,
चहा झाला.

एकवीस हिवाळे
मला रात्री दार उघडून देणारी प्रयाग
इतका वेळ टायरं दाबून बघत होती.
चप्पल काढून ती हिरवीवर बसते.
पुढं, माझ्या जागी.
"आधी घाटावर नेऊ."
"कुणाचं जनावर अडलंय तिथं?"
"कुणाचंच नाही," म्हणते,
"म्हणून तर."

टाकी मेहताबभाईच्या दुकानात ठेवली,
कोपऱ्यात, उभी,
संध्याकाळपर्यंत.