शेवटची गाडी

माझ्या गाडीच्या मागं खराटा बांधलाय,
खराखुरा, लक्ष्मीपुरीतनं साठ रुपयाला आणलेला.
परदेशातली रीत आहे म्हणे :
जो मागं राहील त्याला ही गाडी झाडून घेणार.
पाठीवरचा नंबर काढायचा,
सायकल टपावर, माणूस आत, हातात पाण्याची बाटली,
आणि काही बोलायचं नाही.
हे शेवटचं कुणी सांगितलं नव्हतं,
पहिल्या तासात शिकलो.

दसरा चौकातनं सुटले तेव्हा एकशे बारा होते.
गोफण सुटल्यावर शाळवातनं पाखरं उठतात
तसा एक आवाज झाला,
आणि रस्ता मोकळा.
त्यानंतर मला शर्यत दिसली नाही.
दिसलं ते तिच्या मागं सांडलेलं :
केळीची सालं, एक हातमोजा,
ट्रॉलीतनं पडलेला ऊस
आणि त्यावरनं घसरलेल्या चाकाची ओली रेघ.

राधानगरीपर्यंत आत चौघं झाले.
एक पटियालाचा, बसल्या बसल्या झोपला.
एक जतचा पोरगा, पिशवीत ओकला आणि सॉरी म्हणाला.
बाकीचे दोघं खिडकीतनं बाहेर बघत होते,
रस्त्याच्या बाजूला नव्हे, शेताच्या.

पाचवा केर्लीत सापडला.
थांब्यावर उभा होता,
नाल मारताना बैलाचा पाय धरतात
तसा सायकलचा चिमटा हातात धरून.
पुढचं चाक नव्हतं.

चाक?
दिलं.
कुणाला?
आमच्या माणसाला. त्याचं पंक्चर झालं.

असंच असतं त्यांच्यात.
सात जणांत एकानं जिंकायचं,
सहा जणांनी वारा खायचा.
नाव तेजपाल मगदूम. बाप उद्यमनगरात लेथवर.
बस की आत, म्हटलं.
म्हणाला, चाक येतंय.

सात मिनिटांनी मोटरसायकलवरनं चाक आलं.
तोवर त्याला बघायला जमलेली पोरंही कंटाळून गेली होती.

वाघबीळपासनं चढ.
अकरा वर्षं मी उसाचा ट्रॅक्टर ओढलाय,
चढाला वजन कळतं, माणूस कळत नाही.
पहिला गिअर. त्याच्या मागच्या चाकात आणि माझ्या बंपरात
दोन हात अंतर.
त्याच्या पोटऱ्या बघत बघत
पन्हाळ्याचा घाट मी पहिल्यांदाच एवढा सावकाश चढलो.
वळणावर वडाची मुळं लोंबतात
हेसुद्धा तेव्हा कळलं.

वायरलेसवर साहेब :
शेवटचा उचलला का?
म्हटलं, आवाज तुटतोय.
आवाज चांगला येत होता.
क्लचचा वास सुटला होता.

तिसऱ्या वळणाला पटियालावाला जागा झाला.
काच खाली केली, हात बाहेर काढून
स्वतःची बाटली धरली.
नियमात बसत नाही.
मी आरशात बघितलं नाही.
बाटली परत आली तेव्हा अर्धी होती.

वर पोचलो तेव्हा
वेळ संपून सहा मिनिटं झाली होती.
कमानीतली हवा सोडली होती,
दोन पोरं तिच्यावर लोळून उरलेली हवा काढत होती,
फुस्स, फुस्स,
म्हशीनं सुस्कारे टाकावेत तशी.
तो उतरला. सायकल खांद्यावर घेतली
आणि आडव्या कमानीवरनं पाय टाकून पलीकडं गेला.
बुटांचा आवाज
शेळीच्या खुरांसारखा.

आमचा कितवा?
तिसरा.
हां.

नंबर मी मागितला नाही.
त्यानंच पिना काढल्या, चार,
मोजून माझ्या तळहातावर ठेवल्या.
कागदावर त्याच्या नावापुढं काय लिहितात
ते मला ठाऊक आहे :
मर्यादेबाहेर.

तिसऱ्याची सायकल भिंतीला टेकवलेली होती,
गळ्यात हार घातलेली.
पुढचं चाक मगदूमचं.
तो तिथं गेला, चाक थोडं उचललं,
एका बोटानं फिरवलं
आणि कान लावून ऐकत राहिला, बराच वेळ,
बाप ऐकत असेल तसा लेथ.

मग म्हणाला, मला नव्हे, चाकालाच :
डावीकडं जरा ओढतंय.