पाऊणकी

बर्फाच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत
बँकेने टाकून दिलेले तीन संगणक
आणि रविवारी सहा मुलं.
खाली कॉम्प्रेसर धडधडतो, टेबल थरथरतं,
ते मनावर घ्यायचं नाही.
मी इथली हिशेबनीस. बाई म्हणतात, पण शिक्षिका नव्हे.

पेनड्राइव्हवरून ऑक्टेव्ह चढवलं.
प्रज्योत पावसेने हळूच विचारलं, "चोरीचा हाय?"
फुकट आहे, आणि चोरीचंही नाही.
दोन्ही एकदम असू शकतं यावर
हर्णे बंदरात कुणाचा चटकन विश्वास बसत नाही.
तुझे बाबा इंजिनाचं झाकण काढून बघतात ना,
तसं याचंही काढता येतं.
"आन बिघडला तर?"
तर उघडून बघायचं. म्हणून तर.

दोन बाणांपुढे रेघ लुकलुकत राहिली.
तबस्सुम मुकादमने लिहिलं, दोन अधिक दोन.
चार आले. "एवढ्यासाठी जिना चढलो?"

म्हटलं, भरती किती वाजता, ते कसं काढता?
यात काय सांगायचं! तिथीची पाऊणपट.
अष्टमी, आठ पाऊण सहा,
सहाला पाणी धक्क्याला.
मग लिहा: टी बरोबर एक, कोलन, पंधरा.
खाली, टी गुणिले पाऊण.
अख्खा पंधरवडा एका दमात भरून आला.
ओळीशेवटी अर्धविराम दिला की ते उत्तर पोटात ठेवतं,
हे कळल्यावर सहाही जणांनी
त्याला गप्प करून पाहिलं.

एक गंमत दाखवली.
एक दशांशात दोन दशांश मिळव, विचार,
तीन दशांश झाले का?
म्हणालं, शून्य. म्हणजे नाही.
पाव आणि निम्मे मिळून पाऊण?
एक. म्हणजे हो, अगदी काटेकोर.
ते आत सगळं निम्मं निम्मं करत मोजतं,
दहाचे तुकडे त्याला नीट जमत नाहीत.
तबस्सुम खुर्ची पुढे ओढून बसली.
पावकी, निमकी, पाऊणकी
मला मार खाऊन पाठ झाल्या होत्या.
इतक्या वर्षांनी त्यांची बाजू घेणारं कुणी भेटलं.

मग पंधरा दिवस मुलांनी
बर्फाच्या पावत्यांच्या पाठीवर
खऱ्या भरतीच्या वेळा लिहून आणल्या.
खऱ्यातून पाऊणपट वजा करा, म्हटलं.
लाल अक्षरांत आलं: जुळत नाही,
एक बाजू पंधरा, दुसरी चौदा.

एकादशीची पावती नव्हती.
त्या दिवशी पाळी प्रज्योतची,
आणि तो पाजपंढरीला मामेभावाच्या हळदीत.
"टाका की सव्वाआठ, पाऊणपट तेवढीच येते."
नाही. सगळ्या वर्गात मी एवढं एकच
आवाज चढवून बोलले असेन.
जे पाहिलं नाही, त्या जागी
आकडा नाही, असं लिहायचं. तशी सोय आहे त्यात.

आलेख काढला. फरकाची रेघ
कधी दहा मिनिटं, कधी पंचवीस,
अष्टमीनंतर जरा वाकलेली,
आणि एकादशीला तुटलेली.

छापून खाली चिकटवला, वजनकाट्यामागे.
संध्याकाळी बर्फ न्यायला आलेले खलाशी
ओल्या बोटांनी त्यावरून पाणी मोजत गेले.
प्रज्योतचे वडील तुटक्या जागी थांबले.
"इथं काय दर्या आलाच नाय?"

प्रज्योत पाटी उचलून
घाईने दुसऱ्या दाराने गेला.